मशीन वाजतं, पण खणलं की खिळा: मेटल डिटेक्टरच्या सिग्नलचा अर्थ लागत नसेल तर काय तपासायचं

मी कोकण किनाऱ्यावर राहतो आणि लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, कानातलं, मंगळसूत्राच्या वाट्या शोधून देण्यासाठी मेटल डिटेक्टर वापरतो. हल्ली बरेच जण ऑनलाइन एखादं साधं मशीन मागवतात आणि थोड्याच दिवसांत त्यांचा फोन येतो. तक्रार जवळजवळ ठरलेली असते: सिग्नल येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. तक्रार एक असली तरी कारणं बरीच असतात. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि पैसे, वेळ, मेहनत लागणाऱ्या शेवटी, अशा क्रमाने लिहितो आहे. हा क्रम मोडू नका. खिशातल्या मोबाइलमुळे होणाऱ्या गडबडीपायी नवी कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) विकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

लक्षणं

- कॉइल हवेत स्थिर धरली तरी मशीन टुकटुक करत राहतं.
- एकाच जागी आकडा कधी १८, कधी ६०, कधी ९२ दाखवतो.
- कॉइल डावीकडून उजवीकडे नेताना आवाज येतो, परत आणताना येत नाही.
- सिग्नल पक्का वाटतो, पण चार बोटं खणलं की नाहीसा होतो.
- आकडा नाण्याचा दिसतो आणि हातात येतं बाटलीचं पत्र्याचं झाकण.
- समोर टाकलेल्या रुपयाच्या नाण्यालाही मशीन लोखंड म्हणतं.
- अंगठी इथेच पडली हे नक्की माहीत आहे, तरी मशीन गप्प.

पहिलं लक्षण मशीनचं किंवा आसपासच्या विजेचं असतं. मधली बहुतेक जमिनीची आणि आपल्या हाताची असतात. शेवटची दोन धातूचीच असतात, आणि लोक सर्वांत जास्त तिथेच फसतात, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये सांगितलेले आकडे आपल्या नाण्यांना आणि आपल्या दागिन्यांना लागू पडत नाहीत.

आकडा नेमकं काय सांगतो

कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. एक चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो, दुसरा परत काय येतं ते टिपतो. क्षेत्राच्या वाटेत धातू आला की त्यात गोल फिरणारे विद्युतप्रवाह तयार होतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र थोडं उशिरा परत येतं. तांबं, चांदी यांसारख्या चांगल्या वाहकात हा उशीर जास्त असतो, म्हणून आकडा वर जातो. लहान, पातळ किंवा कमी वाहक वस्तूत उशीर कमी असतो, आकडा खाली येतो. लोखंड मुळात चुंबकीय असल्यामुळे त्याचा प्रतिसाद वेगळा असतो आणि तो पट्टीच्या तळाशी दिसतो.

म्हणजे पडद्यावरच्या आकड्यात वाहकता, आकार, जाडी आणि वस्तू जमिनीत कशी पडली आहे, हे सगळं एकत्र आलेलं असतं. तो धातूचं नाव सांगत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी. गॅरेटच्या एस ३०० किंवा ४०० वर ० ते ९९ असे आकडे येतात, माइनलॅबच्या व्हॅंक्विशवर उणे ९ ते ४०. कुणी ‘सोन्याचा आकडा ५२’ असं सांगितलं तर आधी त्याला कुठल्या मशीनवर ते विचारा.

आधी फुकटातल्या तपासण्या

मोबाइल बाजूला ठेवा. एअरप्लेन मोडवर टाकून खिशात ठेवला तरी बऱ्याचदा चालतं, पण दहा पावलं दूर ठेवणं उत्तम. स्मार्ट घड्याळ, ब्लूटूथ हेडफोन, गाडीची रिमोट चावीही काढा. मग कॉइल कमरेच्या उंचीवर हवेत स्थिर धरा. आता आवाज थांबला असेल तर निदान तिथेच झालं. थांबला नसेल तर वर पाहा: विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, मोबाइल टॉवर, कुंपणातली झटका मशीनची तार, जवळच्या विहिरीवरचा पंप. जागेवरच गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढत असेल तर बाहेरून वीज त्रास देते आहे. काही मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायची सोय असते, असेल तर ती वापरा आणि सेन्सिटिव्हिटी (मशीन किती हलका प्रतिसादही ऐकेल ते ठरवणारी सेटिंग) दोन पायऱ्या खाली आणा. ही तपासणी सगळ्यांत आधी यासाठी करायची की मशीनला मुळात शांत राहता येत नसेल तर पुढचा एकही सिग्नल विश्वासाचा नाही.

त्यानंतर स्वतःच्या अंगावरचा धातू. पोलादी टोकाचे बूट, हातातलं कडं, फावडं धरलेला दुसरा हात. कॉइल पायाजवळून गेली की आवाज आणि लांब गेली की शांतता, हे बुटांचं लक्षण. ही अडचण या तंत्राइतकीच जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचं उपकरण नेलं होतं, आणि अंथरुणाखालच्या पोलादी तारांनी त्यांच्या ऐकण्यात व्यत्यय आणला.

बॅटरी पुरती भरा किंवा नवे सेल घाला. वेगवेगळ्या कंपन्यांचे, अर्धे जुने अर्धे नवे सेल एकत्र घालू नका. सेल उतरले की मशीन लगेच बंद पडत नाही, आधी त्याची खोली कमी होते आणि आकडे डुलायला लागतात, म्हणून संशय सेलवर जात नाही.

मग केबल. कॉइलची केबल दांड्यावर घट्ट गुंडाळून पट्ट्याने बांधलेली असायला हवी. सैल केबल झोकासरशी (कॉइल एका बाजूकडून दुसरीकडे नेली की तो एक झोक) हलते आणि प्रत्येक झोकाच्या टोकाला खोटा आवाज देते. कनेक्टर काढा, कोरड्या सुती कापडाने पुसा, सरळ बसवून हाताने आवळा. आणि कॉइलखालचं प्लास्टिकचं कव्हर उघडून पाहाच. आमच्याकडच्या किनाऱ्यावर वापरलेलं कव्हर उघडलं की आत काळी बारीक वाळू चिकटलेली सापडते. ती लोहखनिजाची असते, कॉइलला खेटून बसते आणि कॉइलबरोबरच हलते. कव्हर धुतलं की निम्म्या लोकांची तक्रार मिटते.

जमीन बोलते आहे का

इथे महाराष्ट्राला विशेष काळजी घ्यावी लागते. देशावरची काळी माती बेसाल्टपासून झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. कोकणातला जांभा तर लोहाच्या ऑक्साइडनेच तांबडा झालेला असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या काळ्या खनिजाचे साठे आहेत, आणि लाट ओसरली की वाळूवर काळे पट्टे उमटतात ते याच जड खनिजांचे. अशा जमिनीतून मशीनला सतत हलका प्रतिसाद मिळत राहतो. त्यामुळे खोटे आवाज येतात, खऱ्या वस्तूचा आकडा लोखंडाकडे ओढला जातो आणि खोली कमी होते. मऊ, कमी खनिजाच्या मातीत वीतभर खोलीवरचं नाणं दाखवणारं मशीन इथे त्याच्या अर्ध्यावर येतं.

साधी परीक्षा अशी. एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या वाळूवरून किंवा मातीवरून फिरवा. पिशवीवर काळ्या कणांची लव उभी राहिली तर जमीन खनिजयुक्त आहे. पिशवी उलटी केली की कण खाली पडतात, चुंबक स्वच्छ राहतं.

उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा प्रतिसाद बाजूला काढायला मशीनला शिकवणं. जिथे खाली काही नाही अशी जागा शोधा, बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून दोन इंच ते फूटभर अशी वर-खाली करत राहा, आवाज मावळेपर्यंत. कोरडी वाळू संपून ओली लागली, शेतातून बांधावर गेलात, काळी माती सोडून मुरूम आला, की प्रत्येक वेळी पुन्हा करा. ज्या मशीनमध्ये ही सोय नाही (स्वस्त मशीनमध्ये बहुधा नसते), तिथे सेन्सिटिव्हिटी कमी करणं हाच मार्ग उरतो. सेन्सिटिव्हिटी कमी केली की खोली जाते अशी भीती सगळ्यांना वाटते. खनिजयुक्त जमिनीत उलट होतं: जमिनीचा गोंगाट कमी झाला की खरा सिग्नल त्यातून वर येतो.

चुलीच्या जागा आणि होळी पेटते ती जागा वेगळ्या लक्षात ठेवा. माती तापली की तिचं चुंबकत्व वाढतं. वरून आवाज छान येतो, खाली धातूचा कणही नसतो. जांभ्याचे आणि बेसाल्टचे काही सुटे दगडही असंच फसवतात. खड्ड्यातून दगड निघाला तर तो फेकण्याआधी कॉइलसमोर धरून पाहा.

ओल्या वाळूचा त्रास निराळा. खारं पाणी स्वतः वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन लाटांच्या कडेला बेचैन होतं. अशा वेळी पाण्याकडे आणि परत असं चालू नका. किनाऱ्याला समांतर चाला, म्हणजे कॉइलखालची ओल सारखी राहते. झोकही समांतरच ठेवा.

हात कसा फिरतो

हे थोडक्यात सांगतो. कॉइल जमिनीला समांतर, इंच-दीड इंच वर, झोकाच्या दोन्ही टोकांना उचलू नका. एका झोकाला दोन-तीन सेकंद द्या, आणि पुढचा झोक मागच्या झोकाच्या अर्ध्यावर चढवा. टोकाला कॉइल उचलली गेली की जमिनीचा प्रतिसाद एकदम बदलतो आणि मशीन त्याला वस्तू समजतं. नवख्यांचे एका बाजूने येणारे सिग्नल बहुतेक असेच असतात.

सिग्नलची उलटतपासणी

आता मशीन शांत आहे, जमीन सांभाळली आहे, आणि एक आवाज आला. लगेच खणू नका.

त्याच्यावरून लहान-लहान झोक घ्या. मग नव्वद अंश वळून आडव्या दिशेने तेच करा. नाणं किंवा बंद अंगठी गोल असते, म्हणून ती दोन्ही दिशांनी जवळपास सारखाच आवाज आणि दोन-चार अंकांच्या फरकात तोच आकडा देते. खिळा लांबट असतो. लांबीच्या दिशेने तो कधी उंच, गोड आवाज देतो आणि आडवं गेलं की खर्जात घसरतो किंवा गप्प होतो. दोन दिशांनी टिकणारा सिग्नल हा माझ्या लेखी आकड्यापेक्षा मोठा पुरावा आहे. एका दिशेचा ९२ सोडून द्यावा, दोन दिशांचा डळमळीत ४८ मात्र खणून पाहावा.

मग पिनपॉइंट करा, म्हणजे मशीनच्या त्या बटणाने वस्तूची नेमकी जागा पाहा. जागा नेमकी तीच येते का? पहिल्या आवाजाची जागा आणि पिनपॉइंटची जागा यात चार-पाच इंचांचा फरक पडत असेल तर बहुतेक लोखंड असतं, कारण त्याच्या टोकाचा आवाज खोटा उंच येतो. कॉइल हळूहळू वर उचला. इंच-दोन इंच वर नेताच आवाज मरतो ती वस्तू लहान किंवा खोल असते. फूटभर वर नेली तरी वाजतच राहते ती मोठी असते, डबा, पत्रा, पाइप. नाण्यासाठी आलेल्याने तिथे वेळ घालवू नये.

सोड्याच्या किंवा बिअरच्या बाटलीचं झाकण हे किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं दुखणं. ते पोलादाचं असलं तरी गोल आणि चपटं असल्यामुळे नाण्यासारखं उंच वाजतं. त्याला उघडं पाडायची एक युक्ती आहे. कॉइलचा मध्य सिग्नलवर आणा आणि लहान झोक घेत घेत कॉइल आपल्याकडे मागे ओढत न्या, कॉइलची फक्त पुढची कड त्यावर राहीपर्यंत. कडेवर आल्यावर आवाज फुटायला लागला, मध्येच लोखंडाचा खर्ज आला, तर झाकण. नाणं कडेवरही स्वच्छच वाजतं आणि हळूच मावळतं. ही सवय हाताला लागली की खणणं खूप कमी होतं.

खणल्यावर सिग्नल नाहीसा झाला तर आधी उपसलेल्या मातीच्या ढिगावरून कॉइल फिरवा. बहुतेक वेळा वस्तू त्यातच असते. तिथे नसेल तर खड्ड्याच्या भिंती तपासा. अंगठी खणताना उभी राहिली की तिचा सिग्नल एकदम क्षीण होतो, म्हणून पिनपॉइंटरची (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरची) टोचणी भिंतीला टेकवून सगळीकडून फिरवा. कुठेच नसेल तर तो गंजाचा सिग्नल होता. गंजलेल्या खिळ्याभोवतीच्या मातीत लोह उतरलेलं असतं, माती हलली की तो पसारा मोडतो आणि आवाज जातो.

आपली नाणी आणि आपलं चुंबक

आता त्या तक्रारीकडे येतो, जिच्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं असतं: ‘रुपया समोर टाकला तरी मशीन लोखंड म्हणतं.’ मशीन बरोबर आहे. १९९२ पासूनचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. २००५ पासूनचे दोन रुपयेही त्याच स्टीलचे. हे स्टील चुंबकाला चिकटतं. त्यामुळे ही नाणी कधी लोखंडात पडतात, कधी बाटलीच्या झाकणासारखी उंच उडी मारतात आणि आकडा ठरत नाही. मशीनवर ‘लोखंड वगळा’ लावलेलं असेल तर पायाखाली रुपयांचा खच असूनही तुम्हाला काही ऐकू येणार नाही.

घरी एक संध्याकाळ द्या. डब्यातली सगळी जुनी-नवी नाणी काढा, फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि दोन ढीग करा. चिकटणाऱ्यांत स्टीलचे रुपये, दोन रुपये, स्टीलच्या पंचवीस आणि पन्नास पैशांबरोबर १९६२ ते १९७४ चा निकेलचा जुना रुपयाही जाईल, कारण शुद्ध निकेल चुंबकीय असतं. न चिकटणाऱ्यांत १९९२ पासूनचं जाडजूड, ९ ग्रॅमचं पाच रुपयांचं नाणं, २००९ नंतरचं पिवळं पाच रुपयांचं, वीस रुपयांचं बारा कोनी, आणि ॲल्युमिनियमचे दहा-वीस पैसे. दहा रुपयांच्या नाण्याची बाहेरची कडी ॲल्युमिनियम ब्रॉन्झची आहे. चुंबक ती कडी आणि मधली चकती यांना वेगवेगळं लावून पाहा.

मग प्रत्येक नाणं मशीनसमोर हवेत फिरवून आकडा वहीत लिहा. जुने जाड पाच रुपये तांबं-निकेलचे, ७५ आणि २५ टक्के. या मिश्रणाची वाहकता शुद्ध तांब्याच्या मानाने फारच कमी, म्हणून हे वजनदार नाणं मधल्या पट्टीत, सोन्याच्या अंगठीच्या शेजारी वाजतं. उलट चांदीचा जुना रुपया, १९४० च्या आधीचा, ११.६६ ग्रॅम आणि ९१.७ टक्के चांदी, पट्टीच्या वरच्या टोकाला जातो. ॲल्युमिनियमचे वीस पैसे वजनाला हलके असूनही बऱ्यापैकी वर वाजतात, कारण ॲल्युमिनियम चांगला वाहक आहे. पुलांखाली आणि खाडीच्या तोंडाशी एसटीतून, गाडीतून श्रद्धेने टाकलेली ही नाणी भरपूर सापडतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण वाळूतून ती अजून निघतात.

दुसऱ्या दिवशी तीच नाणी अंगणात तीन, पाच आणि सात इंचांवर पुरा आणि परत आकडे लिहा. हवेतले आणि मातीतले आकडे किती वेगळे आहेत ते पाहिल्याशिवाय तुमच्या जमिनीची ओळख होणार नाही. ही वही परदेशी तक्त्यांपेक्षा कितीतरी उपयोगाची.

अंगठी, वाटी, जोडवं

शुद्ध सोनं उत्तम वाहक आहे, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे, आणि मिश्रण झालं की वाहकता एकदम घसरते. त्यात अंगठी लहान. म्हणून सोन्याच्या अंगठ्या ० ते ९९ च्या पट्टीवर बहुधा ४० ते ६५ मध्ये पडतात आणि उणे ९ ते ४० च्या पट्टीवर साधारण ५ ते १५ मध्ये. जाड पुरुषी अंगठी त्याच्याही वर जाते.

अडचण अशी की नेमक्या याच पट्टीत गोळ्यांच्या स्ट्रिपचे तुकडे, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, कॅन उघडायची कडी आणि तांबं-निकेलची नाणी बसतात. हा कचरा ऐकू येऊ नये म्हणून लोक मधली पट्टी बंद करतात, आणि त्याच क्षणी सोनंही बंद होतं. अंगठी शोधायची असेल तर मधली पट्टी उघडी ठेवावी लागते आणि कचरा उचलावा लागतो, याला पर्याय नाही. कचरा खिशातल्या पिशवीत टाका, परत वाळूत नको, नाहीतर उद्या तोच पुन्हा वाजेल.

आता ज्याच्यामुळे मशीन गप्प राहतं ते. अंगठी बंद असेल तर प्रवाह पूर्ण कडीतून फिरतो आणि सिग्नल दणदणीत येतो. तीच अंगठी तुटून उघडी झाली तर प्रवाहाला वाटोळं फिरता येत नाही, तो फक्त तारेच्या जाडीतल्या जाडीत फिरतो आणि सिग्नल कोसळतो. हे घरी करून पाहण्यासारखं आहे. वायरिंगच्या तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा घ्या, साल काढा, बोटाभोवती गुंडाळून कडी करा. टोकं एकमेकांना न टेकवता कॉइलसमोरून फिरवा आणि आकडा पाहा. मग टोकं घासून स्वच्छ करून पक्कडीने घट्ट पिळा आणि पुन्हा फिरवा. धातू तोच, वजन तेच, पण आवाज दोन वेगळ्या वस्तूंचा येईल.

म्हणूनच जोडवी अवघड. चांदी म्हटल्यावर लोक वरच्या आकड्याची वाट पाहतात, पण जोडवं बोटात बसावं म्हणून बहुधा मागून उघडं किंवा वेढ्यांचं असतं. ते अपेक्षेपेक्षा खूप खाली वाजतं. पैंजण आणि सोन्याची साखळी त्याहून अवघड: साखळीची प्रत्येक कडी मशीनला एकटी दिसते, आणि एक कडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. बारीक साखळीत मशीनला ऐकू येतो तो फासा. मंगळसूत्रात वाट्या ऐकू येतात, काळे मणी आणि ते ओवलेली बारीक तार जवळजवळ नाहीच. म्हणून मंगळसूत्र शोधताना ‘एवढं मोठं मंगळसूत्र’ डोक्यातून काढून टाका आणि शेंगदाण्याएवढ्या दोन पोकळ पत्र्यांचा आवाज शोधा. नथ शोधायची असेल तर डिटेक्टरपेक्षा चाळण बरी.

किनाऱ्यावर सोनं शोधताना शिसं मोजत चला. मासेमारीच्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजनं तुटून वाळूत पडतात. लाटा वजनाप्रमाणे वस्तू वेगळ्या करतात, आणि सोनं शिशापेक्षाही जड. जिथे हलका ॲल्युमिनियमचा कचराच निघतो आहे तिथून सरका. जिथे शिशाचे तुकडे एका पट्ट्यात निघायला लागतात तो पट्टा सावकाश पिंजून काढा.

नुकतीच हरवलेली अंगठी मात्र वरच असते. ती हरवलेल्या माणसाला त्या जागी उभं करा, कुठल्या हाताने काय करत होता ते करून दाखवायला सांगा, भोवती सुतळीने चौकटी आखा आणि त्याच पद्धतीची दुसरी अंगठी मागून तिचा आकडा आधी पाहून घ्या. मग डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू वगळायची सेटिंग) शून्यावर. गर्दीने वाळू उकरायला सुरुवात केली असेल तर आधी ती थांबवा, कारण तुडवली गेलेली अंगठी खोल जाते आणि उभी राहते.

यानंतरही जमत नसेल तर खर्चाच्या गोष्टी

खिळ्यांच्या गर्दीत, म्हणजे पडक्या घराच्या जोत्याजवळ किंवा मांडव घालतात त्या मैदानात, मोठी कॉइल एकाच वेळी तीन-चार वस्तू ऐकते आणि खिळा शेजारची अंगठी झाकून टाकतो. पाच-सहा इंचांची लहान कॉइल वस्तू वेगळ्या करते. खोली थोडी जाते, पण तिथे गरज खोलीची नसतेच.

फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर बारीक सोन्यासाठी वरची, १५ किलोहर्ट्झच्या पुढची, आणि चांदी-तांब्याच्या मोठ्या नाण्यांसाठी खालची वापरा. ओल्या खाऱ्या वाळूत नेहमी काम असेल तर एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मशीन घेणं योग्य. पल्स इंडक्शन मशीन (सलग क्षेत्राऐवजी विजेचे छोटे झटके सोडणारं) काळ्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात शांत राहतं, पण त्याला लोखंड आणि सोनं यातला फरक नीट सांगता येत नाही, त्यामुळे सगळंच खणावं लागतं. विकत घेण्याआधी कुणाचं तरी उसनं आणून त्याच सिग्नलवर दोन्ही मशीन फिरवून पाहा. दुसऱ्या मशीनला तोच सिग्नल स्वच्छ येत असेल तरच आपल्या मशीनवर संशय घ्या.

इथे थांबा

वरच्या सगळ्या तपासण्यांनंतरही मशीन हवेत, विजेपासून दूर, स्थिर कॉइलवर वाजत असेल तर कॉइल आतून तडकली आहे किंवा तिच्यात पाणी गेलं आहे. कॉइलवर हलकी टिचकी मारल्यावर आवाज येणं हीच त्याची खूण. कॉइल उघडू नका. आतले दोन वेढे केसभर अंतरावर संतुलित करून राळेत बसवलेले असतात, उघडली की ती संपली. कंट्रोल बॉक्समध्ये समुद्राचं पाणी गेलं तर सेल लगेच काढा, चालू करून पाहू नका आणि अधिकृत सर्व्हिसकडे पाठवा. वॉरंटीत असेल तर स्क्रूला हातही लावू नका.

जमिनीत लांबच लांब, सरळ रेषेत जाणारा सिग्नल लागला, किंवा खणताना लाल-पिवळी पट्टी, विटांची ओळ किंवा वाळूचा थर लागला, तर खाली वीजवाहिनी किंवा गॅसची नळी असू शकते. खड्डा तसाच सोडा आणि वीज किंवा गॅस कंपनीला कळवा. निमुळती, जड, गंजलेली, पंखासारखे तुकडे असलेली वस्तू दिसली तर तो न फुटलेला बॉम्ब असू शकतो; तिला हलवू नका, धुऊ नका, फोटोसाठीही उचलू नका. मागे फिरा, लोकांना लांब ठेवा आणि ११२ ला फोन करा.

किल्ल्यांवर, लेण्यांत, जुन्या मंदिरांच्या आवारात मशीन चालूच करू नका. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि दुसरीकडेही, अगदी स्वतःच्या शेतात, शिवराईसारखी जुनी तांब्याची नाणी किंवा नाण्यांचं गाडगं लागलं तर पुढे खणू नका. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टनुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कुठल्या थरात, कशाजवळ, किती खोल सापडली हे जागेवरच लिहून ठेवा, कारण पुरातत्त्व विभागाच्या माणसांना नाण्याइतकंच हेही हवं असतं. आधुनिक दागिना सापडला आणि मालक माहीत नसेल तर तो जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

वेळास, आंजर्ले आणि त्यांच्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटं भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, दीडेक फुटावर असतं, आणि डिटेक्टरला अंडी ऐकू येत नाहीत. त्या महिन्यांत वरच्या कोरड्या वाळूत काही शोधायचंच असेल तर आधी गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याच्या माणसाला विचारा, आणि ते नको म्हणाले तर फक्त खालच्या ओल्या पट्ट्यात काम करा.